चेना नदी गोठली तरी गजबजलेलीच

चेना नदी गोठली की अलास्कातल्या फेअरबँक्स शहरात करायचं काय, असं बरेच जण विचारतात. अहो, अर्धी गंमत तर तेव्हाच सुरू होते! अलास्कातली माझी चार वर्षं चेनाच्या काठावरच गेली. जूनमध्ये सूर्य जवळपास 22 तास आकाशात. रात्री जेवून, भांडी आवरून आम्ही हवा भरलेल्या ट्यूब घेऊन पाण्यात उतरायचो आणि गावाच्या मधून निवांत वाहत जायचो. काठावरच्या घरांतून अनोळखी माणसंही हात हलवायची. कनू वल्हवायला शिकले तेही इथंच. ग्रेलिंग मासा गळाला लागला की बघायचा आणि परत सोडून द्यायचा.

नोव्हेंबरनंतर तीच नदी रस्ता होते. स्की, जाड टायरच्या सायकली, कुत्र्यांच्या स्लेज. 1984मध्ये सुरू झालेली युकॉन क्वेस्ट ही कुत्र्यांच्या स्लेजची शर्यत मी या बर्फावरच पाहिली. उणे तीसच्या थंडीत कुत्र्यांचा तो उतावीळ कल्ला अजून कानात आहे. फक्त वीजकेंद्राच्या खालच्या अंगाला जपा. केंद्रातून सुटणाऱ्या कोमट पाण्यामुळे तिथं नदी गोठत नाही, काही बदकं तर अख्खा हिवाळा तिथंच काढतात. त्यांना बघायला मी रविवारी थर्मासमध्ये आल्याचा चहा घेऊन जायचे.