मदत हवी: टपावर नेलेल्या ऑइल कुलरमधलं तेल रात्रीतून खाली उतरतं

मंडळी, आमच्या हिंगणघाट भागात हंगामात ट्रॅक्टर हडंब्याला (मळणी यंत्राला) जोडला की दिवसभर एका जागी उभा चालतो. सोयाबीनचं कुटार (भुसा) उडून रेडिएटरची जाळी बुजते, तेल तापून पातळ होतं, प्रेशर पडतं. म्हणून इंजिन ब्लॉक आणि ऑइल फिल्टरच्या मधे सँडविच प्लेट (तेल कुलरकडे वळवून परत फिल्टरला आणणारी चकती) टाकली आणि ऑइल कुलर वर टपाला नेला, कुटाराच्या माऱ्याबाहेर. तापणं थांबलं.

आता सकाळचं दुखणं. सेल्फ मारला की ऑइलचा काटा बराच वेळ शून्यावर, टॅपेटची खडखड ऐकवत नाही. तेल मोजायची पट्टी काढली तर तेल वरच्या खुणेच्याही वर. चालवून बंद केल्यावर बघितलं की बरोबर मधे. म्हणजे कुलर रिकामा होऊन तेल इंजिनाखालच्या चेंबरात उतरतंय. अर्धा इंची, सात-सात फुटी दोन पाइप. त्यांतच अर्धा लिटरवर तेल मावतं, कुलरचं वेगळं. फूट व्हॉल्व गळका असला की विहिरीवरची मोटर कोरडी फिरते, तसा प्रकार.

दुकानदार म्हणाला भारीतला फिल्टर लावा. लावला, काही फरक नाही. त्यातला रबरी वॉल्व तेल उलटं येऊ देत नाही, पण कुलरकडून सुलटं येऊन बेअरिंगच्या फटींतून झिरपणाऱ्या तेलाला तो काय अडवणार?

सध्या इंजिन बंद करायचा स्टॉप ओढून धरतो, म्हणजे ते सुरू होत नाही, नुसता सेल्फ मारतो, काटा हलला की सोडतो. बॅटरीचे हाल होतात.

स्प्रिंगचा एनआरव्ही (तेल एकाच दिशेने जाऊ देणारा वॉल्व) टाकू का? जाणाऱ्या लायनीत की परतीच्या? चार फूट तेलाचा दाब जेमतेम ०.१ बार, हलकी स्प्रिंगही पुरेल. पण तोच जाम झाला तर? पाण्याचा पितळी एनआरव्ही लावायला तर मन धजत नाही.

प्रतिसाद: भाऊ, पाण्यावाला अजिबात नको. आधी कुलरची तोंडं कुठे आहेत ते बघा. खाली असतील तर उलटा करून तोंडं वर घ्या. मग पाइप रिकामे झाले तरी कुलर भरलेला राहतो. दुसरं, थर्मोस्टॅटवाली सँडविच प्लेट मिळते. साधारण ८० अंशांपर्यंत ती बहुतेक तेल कुलरला न पाठवता सरळ फिल्टरला देते, त्यामुळे थंड इंजिनला काटा लवकर उठतो. एवढं करूनही खडखड राहिली तरच एनआरव्ही, तोही तेलाचा, पाइपाइतक्याच भोकाचा, जाणाऱ्या लायनीत.

धागाकर्ता: तोंडं खालीच आहेत! ब्रॅकेट उलटं करून घेतो. पण वरून वळवताना पाइप मुडपणार नाही, असं कोपऱ्याचं फिटिंग कोणी वापरलंय का?