बांधावरची उभी शिळा प्रागैतिहासिक असू शकेल का?

साक्रीकर :
साक्री तालुक्यातील आमच्या शेताच्या बांधावर, दोन गावांच्या शिवेला लागून, सुमारे आठ फूट उंचीची काळी शिळा उभी असून गावकरी तिला शेंदूर लावून म्हसोबा म्हणून पुजतात. तिच्यावर मूर्ती, अक्षरे किंवा छिन्नीचे घाव नाहीत. विदर्भातील शिळावर्तुळांविषयी, म्हणजे दफनांभोवती गोलाकार मांडलेल्या मोठ्या दगडांविषयी, वाचल्यापासून हीदेखील तितकीच जुनी असावी असे वाटते. चुलतभाऊ मात्र बांध सरळ करण्यासाठी ती जेसीबीने हलवू म्हणतात. तिचे वय कसे ठरवावे?

गिरणाकाठ :
दादा, विदर्भाचा दाखला जपून द्यावा. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड येथील वर्तुळे लोहयुगातील आहेत, हे दगडांच्या आकारावरून नव्हे, तर आत पुरलेल्या अस्थी, लोखंडी हत्यारे आणि काळी-तांबडी मडकी यांवरून ठरले. आपल्याकडे चाळीसगाव तालुक्यात बहाळसमोर, गिरणेच्या पलीकडच्या काठावर टेकवाडे येथे ताम्रपाषाणयुगीन दफने मिळाली, तीही मातीखालीच. कार्बन पद्धतीने दगडाचे वय निघत नाही; तो उभा करताना खड्ड्यात पडलेल्या कोळशाचे किंवा हाडाचे निघते. जेसीबीचा एक घाव बसला की तो पुरावा कायमचा गेला.

खडकमाळ :
मुळात ती कोणी उभी केली आहे का, हे आधी पाहावे. धुळे-नंदुरबार पट्ट्यात बेसाल्टचे (काळ्या खडकाचे) थर चिरून वर आलेल्या डाइकांच्या, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या, लांबच लांब भिंती असून त्या बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात. भोवतालचा मऊ खडक झिजला की त्यांचे तुकडे उभे राहतात आणि अगदी रोवल्यासारखे दिसतात. शिळेच्या पुढे-मागे त्याच रेषेत तसाच दगड डोकावतो का?

साक्रीकर :
तसा दगड नाल्यापलीकडे आहे, परंतु शिळा त्या रेषेच्या बरीच बाजूला आहे. बुडाशी पावसाने माती वाहून गेलेल्या ठिकाणी लहान दगड ठासलेले दिसतात.

गिरणाकाठ :
मग ती माणसांनी रोवली असण्याचा संभव मोठा आहे. केव्हा, हे मात्र त्यावरून कळत नाही. शिवेवरचा दगड दोनशे वर्षांपूर्वीचाही असू शकतो, आणि मला तरी आधी तीच शंका येते. बुडाशी स्वतः उकरू नये. मोजपट्टी शेजारी धरून छायाचित्रे घ्यावीत आणि गट क्रमांकासह राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवावे. त्याबरोबर भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशा पाहावा. त्यावर हा दगड सीमाचिन्ह म्हणून दाखवलेला असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार तो हलवणाऱ्यास दंड होतो. प्रागैतिहासिक काळापेक्षा हे कारण चुलतभावांना लवकर पटेल.