मदत हवी आहे : उन्हाळ्यात कागदी फुलांच्या पाकळ्या सुटतात

नमस्कार मंडळी, मी जळगावची. रात्री घरचं आवरलं की क्रेप कागदाची फुलं करायला बसते. किटमध्ये कापलेल्या पाकळ्या, तार, हिरवी टेप सगळं येतं. पाकळी दोन्ही अंगठ्यांनी मधोमध हळूच ताणली की वाटीसारखी खोलगट होते. तेवढ्यात दिवसभराचा शीण उतरतो.

अडचण ग्लू गनची आहे, म्हणजे गोंदाची कांडी वितळवून पाकळ्या चिकटवायच्या यंत्राची. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास, त्यात आमची वरची खोली पत्र्याची. दुपारी जोड मऊ पडतात आणि गुलाबाच्या बाहेरच्या पाकळ्या गळतात. पांढरा गोंद लावला तर क्रेप ओला होऊन त्याचा ताणच जातो, गडद लाल तर बोटांना रंग सोडतो. टेप मात्र छान धरते, ओढून गुंडाळली की तिचं मेण सुटतं नि चिकटते.

पाकळ्या दोऱ्याने किंवा बारीक तारेने बांधून कुणी करतं का? बाहेरची मोठी पाकळी तशी नीट बसते का? आणि जास्त तापमानाला टिकणाऱ्या ग्लूच्या कांड्या जळगाव-धुळ्याकडे कुठे मिळतील? श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सजावटीला हीच फुलं लावायची फार इच्छा आहे, म्हणून जरा लवकर सांगा.