सल्ला हवा: दिव्यांग कलाकारांच्या नाट्यगटात स्वयंसेवक म्हणून जायचंय

विंगेतली
नमस्कार मंडळी. मी पुण्यात राहते, बँकेत नोकरी करते. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक स्पर्धेच्या एकांकिकांना पार्श्वसंगीत मी सांभाळायचे. पुढे नोकरी-संसारात नाटक सुटलं ते सुटलंच. आता मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आहे आणि शनिवार-रविवार मोकळे असतात. एका मैत्रिणीमुळे अशा गटाची ओळख झाली, जिथे दृष्टिहीन, कर्णबधिर, व्हीलचेअर वापरणारे आणि इतर असे सगळे मिळून नाटक बसवतात. त्यांना स्वयंसेवक हवे आहेत आणि मला मनापासून जायचंय. पण स्वयंसेवक तिथे नेमकं काय करतो? सांकेतिक भाषा आधी शिकून जावं का? आणि गट नीट चालवला जातोय की नाही, हे नवख्या माणसाने कशावरून ओळखायचं? ज्यांनी हे काम केलंय, किंवा जे स्वतः अशा नाटकांत भूमिका करतात, त्यांनी मोकळेपणाने लिहा.

तिसरी_घंटा
ताई, जरूर जा. मी दृष्टिहीन नटांबरोबर बॅकस्टेजला असतो, म्हणून तेवढ्याबद्दलच लिहितो.

आपल्याकडे हे काम नवं नाही. ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक २००८ साली सुरू करणारे स्वागत थोरात दृष्टिहीन कलाकारांना घेऊन अनेक वर्षं नाटकं बसवत आले आहेत. त्यांच्या ‘अपूर्व मेघदूत’मध्ये १९ दृष्टिहीन कलाकार होते. अशा नाटकाचा प्रयोग लागला तर आधी प्रेक्षक म्हणून बघून या आणि प्रवेश-निर्गमनाकडे लक्ष ठेवा. पडद्यामागे काय काय केलेलं असतं याचा अंदाज येईल.

तुमच्याकडे पहिलं काम बहुतेक संहिता रेकॉर्ड करण्याचं येईल. ब्रेल वाचणाऱ्यांना ब्रेल प्रत देतात, बाकीचे फोनवर ऐकून पाठ करतात. वाचताना अभिनय अजिबात करू नका. पात्राचं नाव सांगा आणि वाक्य सपाट, स्पष्ट वाचा. तुम्ही रडवेल्या सुरात वाचलंत की नटाच्या कानात तोच सूर बसतो आणि भूमिकेचा स्वतःचा अर्थ लावायची त्याची संधी तुम्ही काढून घेता.

दुसरं काम मंचावरचं. कडेच्या अलीकडे सुतळी किंवा रबरी पट्टी चिकटवतात. पायाला ती लागली की नटाला कळतं, इथून पुढे जायचं नाही. ती पट्टी प्रत्येक प्रयोगाआधी स्वतः अनवाणी चालून तपासायची. नेपथ्यातली खुर्ची ठरल्या जागेवरून वीतभरही हलता कामा नये. नाट्यगृह बदललं की मंचाची रुंदी बदलते आणि पावलांचा सगळा हिशोब बदलतो. म्हणून प्रयोगाआधी नटांना रिकाम्या मंचावर चालायला वेळ मिळालाच पाहिजे. नेपथ्य आणि लाइट लावताना हाच वेळ सगळ्यात आधी खाल्ला जातो. तो राखायला ठामपणे उभं राहणारं कुणीतरी लागतं, आणि माझ्या मते स्वयंसेवकाचं याहून मोठं काम नाही.

तुम्ही संगीत सांभाळलंय, हे तर फारच उपयोगाचं. इथे संगीत दिशाही दाखवतं. डाव्या विंगेतल्या स्पीकरवर तानपुरा सुरू झाला की नटी त्या रोखाने वळते. क्यू, म्हणजे संगीताचा ठरलेला इशारा, उशिरा आला तर तिचं वळण चुकतं, आणि तालमीत एका स्पीकरवर वाजलेला सूर प्रयोगात दोन्हीकडून आला तर दिशाच हरवते.

सोबत चालताना हात धरून ओढू नका. आधी विचारा, मग आपलं कोपर पुढे करा. ते धरतील आणि अर्धं पाऊल मागून चालतील.

हातांची_भाषा
मी कर्णबधिर आहे, नाटकात काम करते. सांकेतिक भाषा पूर्ण शिकून मगच जाईन असं ठरवू नका, जाणं राहून जाईल. नाव, नमस्कार, थांब, पुन्हा, झालं, पाणी, इतकं येत असलं तरी सुरुवात होते. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा १० हजार शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश फुकट बघता येतो. मात्र खुणा गावोगावी थोड्या बदलतात, त्यामुळे गटात जी खूण चालते तीच धरा. आणि चार खुणा आल्या म्हणून दुभाषी व्हायला जाऊ नका. दिग्दर्शकाची सूचना अर्धवट पोचण्यापेक्षा प्रशिक्षित दुभाषी येईपर्यंत थांबलेलं बरं.

‘ओठ वाचता येतात ना?’ असं लोक सहज विचारतात. प, ब आणि म ओठांवर एकसारखे दिसतात. बाकीचं संदर्भाने जुळवावं लागतं आणि दिवसभराच्या तालमीत त्याने डोकं शिणतं. चेहरा माझ्याकडे ठेवून, एका वेळी एकानेच बोलावं. ब्लॅकआउटमध्ये तर मला काहीच कळत नाही. विंगेत छोटा निळा दिवा हवा, किंवा खांद्यावर ठरलेली थाप.

मिश्र गटातली एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती सांगते. माझा सहकलाकार दृष्टिहीन आहे. माझे हात त्याला दिसत नाहीत, त्याचा आवाज मला ऐकू येत नाही. तालमीत मधे दुभाषी असतो, पण चहाच्या सुट्टीत तोही विश्रांती घेतो. खरी ओळख तर तेव्हाच होते. अशा वेळी फोनवर त्याचं बोलणं टाइप करून मला दाखवणारी आणि माझं लिहिलेलं त्याला वाचून दाखवणारी व्यक्ती मला फार मोलाची वाटते.

घाटाखालचा
गट कसा ओळखायचा त्याबद्दल. मी व्हीलचेअर वापरतो आणि नट आहे. माझे प्रश्न थेट असतात. निर्णय कोण घेतं? दिग्दर्शन, लेखन, संयोजन यात दिव्यांग माणसं आहेत का? तिकीट लावलं तर नटांना मानधन मिळतं का? तालमीच्या जागी मला वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का? फोटो टाकण्याआधी विचारतात का? आणि प्रयोगानंतरच्या भाषणात नाटकाबद्दल बोलतात की फक्त आमच्या ‘जिद्दी’बद्दल? शेवटच्या प्रश्नावरून मला बरंच कळतं. मी संवाद चुकलो तर चुकलो असं लिहिणारा समीक्षक मला हवा आहे.

उताराचा हिशोब स्वयंसेवकाला यावा. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे मंच ३ फूट उंच असेल तर रॅम्प निदान ३६ फूट लांब लागतो. सुताराने ऐनवेळी आणलेली फळी म्हणजे रॅम्प नव्हे. ‘चौघं मिळून खुर्ची उचलू’ हेही नको. त्यात खुर्ची मोडते आणि मीही पडू शकतो. नाट्यगृह ठरवण्याआधी कुणीतरी टेप घेऊन जायला हवं. बऱ्याचदा नेपथ्याचा ट्रक लागतो ते मागचं दारच सोयीचं निघतं. व्यवस्थापक टाळाटाळ करत असतील तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधलं कलम २९ सांस्कृतिक जीवनाबद्दलच आहे, त्याचा उल्लेख करून लेखी पत्र द्या.

दक्षिणायन
मेलबर्नजवळच्या जिलाँगमध्ये बॅक टू बॅक थिएटर ही कंपनी १९८७ पासून काम करते. बौद्धिक अपंगत्व असलेले किंवा न्यूरोविविध (ऑटिझमसारखी, मेंदूची जडणघडण वेगळी असलेले) नट तिथे नाटक स्वतः रचतात. २०२२ चा आंतरराष्ट्रीय इब्सेन पुरस्कार त्यांना मिळाला. वरच्या ‘निर्णय कोण घेतं’ या प्रश्नाचं एक उत्तर तिथे आहे.

आदूची_आई
माझ्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे आणि तो नाटकात काम करतो. नियमित जाणार असाल तरच जा, हे मी जरा कठोरपणे सांगते. दर वेळी नवा चेहरा आला की त्याला पुन्हा पहिल्यापासून विश्वास ठेवावा लागतो. महिन्यातून दोनच रविवार जमत असतील तर तेवढेच सांगा, पण ते पाळा.

वाक्य आठवायला तो वेळ घेतो. लगेच प्रॉम्प्ट करू नका, बहुतेक वेळा त्याला आठवतं. आणि तो तीस वर्षांचा आहे, त्याला ‘बाळा’ म्हणू नका.

शाळांशी जोडून घ्यायचं असेल तर राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची दिव्यांग बालनाट्य स्पर्धा बघायला जा. तिथे शिक्षक भेटतात आणि बऱ्याच शाळांना बॅकस्टेजला माणसं हवी असतात.

विंगेतली
सगळ्यांचे मनापासून आभार. महिन्यातले दोन रविवार नक्की देते असं गटाला कळवलंय आणि मानधनाचं व स्वच्छतागृहाचं विचारलंय. घंटादादा, एक शंका आहे. दिशेसाठी आवाज एकाच बाजूने ठेवायचा, तर प्रेक्षागृहात उजवीकडे बसलेल्यांना तो कमी ऐकू येईल ना?

तिसरी_घंटा
बरोबर ओळखलंत. प्रेक्षागृहाचे स्पीकर वेगळे ठेवा आणि विंगेत नटांसाठी एक लहान स्पीकर वेगळ्या चॅनलवर लावा. विंगेतला आवाज आधी ठरवायचा, तोही नटांना मंचावर उभं करून त्यांना विचारत. बाहेरचा आवाज त्यानंतर, विंगेतली दिशा बुडणार नाही इतकाच. तालमीच्या खोलीतही पहिल्या दिवसापासून स्पीकर त्याच बाजूला ठेवा.