तबेल्यासाठी पिसांचं जॅकेट नको, कॅनव्हासचा कोट घ्या
तुमचा भाचा कॅनडातल्या अल्बर्टात घोड्यांच्या तबेल्यात कामाला चाललाय, हिवाळ्यासाठी काय घ्यावं असं तुम्ही विचारलंत आणि कुणीतरी पिसांचं जॅकेट सुचवलंय, म्हणून लिहितो. मी तिथे तीन हिवाळे काढलेत. पिसांचं जॅकेट ऊबदार खरं, पण खिळ्याला, तारेला अडकलं की फाटतं आणि भिजलं की ऊबही जाते. जाड सुती कॅनव्हासचा कोट बघा, कापड चौरस मीटरला ४०० ग्रॅमच्या आसपास. नवा असताना पत्र्यासारखा ताठ लागतो, वापरून वापरून अंगाला बसतो. बाहेरून फ्लीस, म्हणजे मऊ केसाळ कृत्रिम कापड, अजिबात नको, गवताच्या काड्या आणि घोड्याचे केस त्यात रुतून बसतात. वेल्क्रोचंही तेच. चेन खालूनही उघडणारी हवी, वाकायला बरी पडते.

माप एक नंबर मोठं घ्या, आत लोकरीचा स्वेटर मावायला हवा. लीद उपसताना घाम येतो, तेव्हा स्वेटर काढून ठेवायचा. घामेजलेल्या कपड्यांत थांबलं की हुडहुडी भरते, हे मी भोगलंय.

इथे गोव्यात म्हापशाच्या बाजारात शोधत फिरू नका, भाच्याला अल्बर्टात पोचल्यावरच घेऊ दे. आणि सुट्टीत कोट घरी आणलाच, तर आपल्या पावसाळ्यात कपाटात कोंडू नका, बुरशी धरते.