आजच्या कोड्यात वेलांटीचा घोळ

शब्दवेडी: आजचं कोडं सोडवलं का कोणी? ७ आडवा 'नवऱ्याचा धाकटा भाऊ' म्हणजे दीर, ७ उभा 'रात्रीच्या उलट', तीन अक्षरी, म्हणजे दिवस, मग त्या एकाच घरात दी लिहू की दि??

उभाआडवा: अगं सोड ना, ऱ्हस्व-दीर्घ चालवून घेतात. जोडाक्षर मात्र एकाच घरात हं, स्वातंत्र्य तीन घरांत बसतं, आमच्याकडे त्यावरून रोज भांडण.

पेन्सिलवाला: चालवून का घ्यायचं? उभ्याला दीपक टाकून आजूबाजूचे शब्द बदलायचे, तेवढी मेहनत नको? आणि १२ आडवा नुसतं 'एक नदी', दोन अक्षरी! भीमा, तापी, नीरा, सीना सगळ्याच बसतात, निदान 'पंढरपूरची' तरी म्हणा.

शब्दवेडी: भीमाच आहे, 'मा'वरून खाली 'आईचा भाऊ' जातोय.