१९९७ च्या मारुती ८०० मधील पेट्रोलच्या रबरी नळ्या: तपासाव्यात कशा, बदलाव्यात कोणत्या?

जुनीगाडी_सातारा (प्रश्न):

नमस्कार. माझ्या वडिलांनी १९९७ साली घेतलेली कार्ब्युरेटरची (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भागाची) मारुती ८०० आम्ही अजून वापरतो. गेल्या पंधरवड्यापासून गाडी लांबून चालवून आणली की उभी केल्यावर दहा-पंधरा मिनिटे पेट्रोलचा वास येतो. सकाळी मात्र वास नसतो आणि फरशीवर डागही दिसत नाही. मेस्त्रींनी बोनेट उघडून वरवर पाहिले आणि पाइप चांगले आहेत असे सांगितले, परंतु माझ्या आठवणीप्रमाणे या नळ्या किमान पंधरा वर्षांत बदललेल्या नाहीत. नळी खरोखर निकामी होत आहे हे कसे ओळखावे, आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळत असताना कोणत्या प्रकारची नळी घ्यावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मेस्त्री_कोल्हापूर:

दादा, वास फक्त गरम गाडीला येतो आणि डाग पडत नाही, यामुळे निश्चिंत राहू नका. इंजिन बंद केल्यावर वारा थांबतो, बोनेटखालची उष्णता काही वेळ वाढत जाते आणि नळीच्या टोकाशी पाझरलेले पेट्रोल खाली पडण्याआधीच उडून जाते. कार्ब्युरेटरच्या गाडीला थोडा वास पूर्वीपासून असतो हे खरे; पण पंधरवड्यापूर्वी नसलेला वास आता येत असेल, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे.

नळीचा मधला भाग पाहून काही कळत नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पकडीने क्लिप इंचभर मागे सरकवा आणि क्लिपखाली दबलेली जागा पाहा, कारण पहिला तडा बहुतेक वेळा तिथेच जातो. टोकाजवळचा भाग अंगठ्याने वाकवा. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या नळीवर बारीक रेघा उघडल्या, तर ती बदलायची वेळ झाली आहे. वाळक्या काटकीसारखी कडक झालेली नळी जशी वाईट, तशीच दाबल्यावर भुसभुशीत लागणारी आणि बोटांना काळे लावणारी नळीही वाईट.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते मागच्या बाजूला. टाकीतून निघालेली रबरी नळी गाडीखालच्या लोखंडी पाइपला जिथे जोडलेली असते तिथे चिखल आणि पाणी सतत बसते. पेट्रोल भरण्याच्या तोंडाकडून टाकीत उतरणारा जाड पाइप आणि त्याच्या शेजारची हवेची बारीक नळी हेही तपासा. टाकी काठोकाठ भरल्यावरच वास येत असेल, तर आधी याच दोन जागा पाहाव्यात. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, पक्के स्टँड लावा. हे काम उघड्यावर करा, जवळ विडी-सिगारेट किंवा उघडा दिवा नको, आणि कोरड्या पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते.

रबर_अभियंता_चाकण:

वरील उत्तराशी मी सहमत आहे. प्रश्नातील इथेनॉलच्या मुद्द्याबद्दल लिहितो. जुन्या नळ्यांचे आतले अस्तर साधारणपणे नायट्राइल रबराचे (एक प्रकारचे कृत्रिम रबर) असते आणि त्याला लवचिक ठेवण्यासाठी त्यात मऊपणा देणारी तेले मिसळलेली असतात. पेट्रोल ही तेले हळूहळू ओढून घेते, इथेनॉल मिसळलेले पेट्रोल रबराला अधिक फुगवते, आणि गाडी आठवडाभर उभी राहून नळी आतून सुकली की ती आकसून तडकते. त्यामुळे कमी चालणाऱ्या गाडीच्या नळ्या जास्त टिकतात हा समज चुकीचा आहे.

नळी घेताना तिच्यावर छापलेली खूण वाचा. कार्ब्युरेटरच्या गाडीत टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा दाब जेमतेम पाव बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास असतो. तिथे एसएई जे३० या इंधन-नळ्यांच्या मानकातील आर७ दर्जाची नळी चालते, परंतु इथेनॉलचा विचार करता फ्लुओरोरबराचे (इंधनाला जास्त टिकणारे रबर) अस्तर असलेली त्याच मानकातील आर९ नळी थोडे जास्त पैसे देऊन घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. इंजेक्शनच्या, म्हणजे दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या नव्या पद्धतीच्या गाडीत दाब साधारण तीन बार असतो. तिथे आर७ लावणे धोक्याचे आहे. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेल्या तुकड्यासाठी आर१० ही वेगळीच नळी लागते, कारण इतर नळ्यांचे बाहेरचे आवरण सतत पेट्रोलमध्ये राहण्यासाठी बनवलेले नसते. आतला व्यास जुन्या तुकड्यावरून जुळवून घ्या. सैल नळी क्लिप आवळून बसवणे हा उपाय नव्हे. क्लिपही नव्याच घ्या, आणि शक्यतो कडा बाहेर वळवलेल्या, म्हणजे त्या रबरात रुतत नाहीत.

जुनीगाडी_सातारा:

आपणा दोघांचे मनापासून आभार. रविवारी मेस्त्रींना सोबत घेऊन सर्व नळ्या तपासल्या. बोनेटखालची पंपाकडून कार्ब्युरेटरला जाणारी नळी क्लिप सरकवताच अर्ध्या गोलाईत चिरलेली दिसली. मागे टाकीजवळच्या वीतभर नळीवर धूळ ओली होऊन काळ्या लेपासारखी चिकटली होती. ती पुसल्यावर रबर सुरीने कापल्यासारखे दोन ठिकाणी फाटलेले आढळले. जास्तीचे पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या परतीच्या नळीच्या जागी पूर्वी कोणीतरी पारदर्शक प्लास्टिकची नळी बसवली होती. ती पिवळी पडून इतकी कडक झाली होती की काढताना हातातच तुटली. पुढच्या, मागच्या आणि परतीच्या सर्व नळ्या आर९ दर्जाच्या घातल्या, क्लिपा नव्या लावल्या, आणि इंजिन चालू करून प्रत्येक जोडाभोवती पांढरा कागद धरून पाहिला. कागद कोरडा राहिला. चार दिवसांत वास आलेला नाही, मात्र याच वेळी बसवलेल्या पेट्रोलच्या नव्या फिल्टरमध्ये तांबूस गाळ दिसतो. हे कशामुळे?

मेस्त्री_कोल्हापूर:

टाकीतला आणि लोखंडी पाइपमधला जुना गंज-गाळ इथेनॉलमुळे सुटून येत आहे. नळ्या बदलताना झालेल्या हलवाहलवीनेही थोडा सुटतो. महिन्याभरात फिल्टर पुन्हा बदला आणि जुना फिल्टर उलटा करून पांढऱ्या फडक्यावर रिकामा करून पाहा. गंजाचे खडे पडले, तर टाकी उतरवून आतून धुऊन घ्यावी लागेल.